प्लंबर काय काय बघून घेईल?

बाथरूमचं काम काढलेल्या घरी गेलं की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. चहा येतो, टाइल्सचे कॅटलॉग मांडीवर येतात, इंटिरियरवाल्याने करून दिलेली थ्रीडी चित्रं मोबाइलवर सरकवून दाखवली जातात, 'बेज घेऊ की ग्रे?' यावर आपलं मत मागितलं जातं. आपण सहज विचारावं, 'आणि पाइपांचं काय ठरलंय?' की यजमान हात झटकतात, 'ते काय, प्लंबर बघून घेईल!' कोथरूडला ऐका, डोंबिवलीला ऐका, नाशिकला ऐका. वाक्यात काना-मात्रेचा फरक नाही. इतकं एकमत मराठी माणसाचं दुसऱ्या कुठल्या बाबतीत झाल्याचं ऐकिवात नाही.

या वाक्यामागे एक अख्खी विचारसरणी आहे, तेव्हा ती आधी नीट मांडू. तिचं म्हणणं असं: बाथरूम ही बघायची गोष्ट आहे, म्हणून पैसा आणि डोकं दिसणाऱ्या गोष्टींवर खर्च करावं. पाइप दिसत नाहीत, सबब त्यांचा विचार करायचं कारण नाही. पाणी एका बाजूने येतं, दुसऱ्या बाजूने जातं. यात आखायचं काय? जुने पाइप इतकी वर्षं चाललेच की! काही अडलंच तर प्लंबर आहे, त्याचं ते रोजचं काम. आणि भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळत नाही, मग आधी कागद काळे करून उपयोग काय?

ऐकायला किती व्यवहारी वाटतं! हीच माणसं वॉर्डरोबच्या ड्रॉवरचं माप अर्ध्या इंचापर्यंत सुताराशी घासतात. ओट्यावर मिक्सरचा प्लग कुठे यावा यावर त्यांच्या घरी आठवडाभर खल चालतो. आणि पाणी? राष्ट्रीय इमारत संहिता माणशी रोज १३५ लिटर पाणी धरते. चौघांच्या घरात ५४० लिटर, आणि त्यातलं बरंचसं याच दोन-तीन हात रुंदीच्या खोलीतून वाहून जातं, वर्षाचे ३६५ दिवस. ते कुठून येणार, किती दाबाने येणार, कुठल्या उताराने जाणार, हे मात्र 'बघून घेऊ' खात्यात.

या वाक्यातला प्लंबर कोण, ते तरी बघू. त्याला बोलावलं जातं कधी? गवंड्याने जुन्या टाइल्स फोडून झाल्यावर. कशासाठी? मापं ठरवायला म्हणाल तर तसं कुणी सुचवतही नाही, त्याने येऊन पाइपांसाठी भिंतीत झिरी मारायची. तो येतो तेव्हा कमोड दुकानातच असतो. शॉवर-नळात पाणी वळवणारा डायव्हर्टर ऑनलाइन मागवलेला असतो आणि 'उद्यापर्यंत येईल' अशी बातमी असते. टाइल किती जाडीची, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. 'शॉवर कुठे घ्यायचा?' असं त्याने फोनवर विचारलं की मीटिंगमधून दबक्या आवाजात उत्तर येतं, 'जुना आहे तिथेच, पण जरा डावीकडे.' या 'जरा'चे मिलिमीटर किती? संध्याकाळपर्यंत पॉइंट काढून दिले नाहीत तर दुसऱ्या दिवशी गवंड्याचा खाडा, आणि त्याचं बिल पुन्हा प्लंबरच्याच नावावर. मग तो खरोखरच बघून घेतो. जेवढी खोली सापडली, जो पाइप हाताशी होता, जेवढा वेळ मिळाला, तेवढ्यात बसवून मोकळा होतो. चार पावसाळ्यांनी खालच्या घराच्या छताला ओल आली की हेच यजमान सुस्कारा सोडतात, 'हल्ली चांगले प्लंबर मिळत नाहीत हो!' चांगले मालक कुठे मिळतात, हे प्लंबरने कुणाला विचारायचं?

देशभरच्या शहरांत हे काम करणाऱ्यांत ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने आहेत. तिथे पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवण्यासाठी राज्य सरकारची स्वतंत्र संस्था आहे. हे शिकण्याजोगं, शिकवण्याजोगं शास्त्र आहे, हे एका राज्याच्या सरकारला पटलेलं आहे. आमच्या सोसायटीतल्या इंजिनियर मंडळींना अजून पटायचं आहे. थ्रीडी चित्र काढणाऱ्याला चित्राचे पैसे आपण मुकाट देतो. पाइपांचा नकाशा काढायचे वेगळे पैसे कुणी मागितले, तर मात्र 'त्यात काय काढायचंय?' असा प्रश्न येतो. चला, त्यात काय काढायचंय ते बघू.

कमोडपासून सुरुवात करू, कारण थ्रीडी चित्रात सगळ्यात आधी जागा बदलतो तो कमोड. 'तो त्या कोपऱ्यात घेतला की इकडे काचेचं पार्टिशन मस्त बसतं.' बसतं ना, चित्रात सगळं बसतं. कमोडचा मैल्याचा पाइप असतो ११० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंचांहून जास्त. त्याला ढाळ लागतो साधारण फुटाला पाव इंच. कमोड मैला खाली नेणाऱ्या उभ्या पाइपापासून सहा फूट लांब नेला, तर दीड इंच नुसता ढाळातच गेला. चार इंचांहून जास्त पाइप, त्याचं वळण, त्यावर कोबा, वॉटरप्रूफिंगचा थर, टाइलखालचा माल, मग टाइल. बेरीज केली की आठ-नऊ इंच कुठे जातात कळत नाही. एवढी खोली तुमच्या बाथरूमच्या जमिनीत आहे का? भारतीय पद्धतीच्या संडासासाठी बांधलेल्या जुन्या इमारतींत स्लॅब फूट-दीड फूट खाली घेतलेला असायचा, तिथे हे कदाचित निभावेल. नव्या टॉवरांत काही ठिकाणी स्लॅब खाली घेतलेलाच नसतो. तुमचे पाइप स्लॅबच्या खालून, म्हणजे खालच्या घराच्या फॉल्स सीलिंगमधून जातात. तिथे कमोड 'जरा' हलवायचा म्हणजे खालच्या काकूंच्या छताला हात घालायचा. त्यांना विचारलंय? की तेही प्लंबरच बघून घेणार?

खोली नसली तर त्या बिचाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, ढाळ कमी करायचा. मग पाइप सुस्तावतो आणि दर महिन्याला तुंबतो. दुसरी, बाथरूमची जमीनच उचलायची. मग दारात पायरी येते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाईंसाठी अँटिस्किड टाइल निवडताना ज्या घराने दुकानं पालथी घातली, त्याच घराच्या बाथरूममध्ये पाच इंचांची ओली पायरी तयार होते. थ्रीडी चित्रात ती नसते. चित्रातल्या माणसांना गुडघेच नसतात.

बरं, जागा नाही हलवली, कमोड तिथेच ठेवला, तरी सुटका आहे का? जमिनीत निकास असलेल्या, म्हणजे एस-ट्रॅपच्या कमोडमध्ये तयार भिंतीपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: कुणाचं १००, कुणाचं २२५, कुणाचं ३०० मिलिमीटर. भोक आधी काढलं आणि कमोड नंतर सेलमध्ये स्वस्त मिळाला म्हणून घेतला, तर दोघांची गाठ पडेलच याची हमी कोण देणार? मग मध्ये वाकडा कनेक्टर घुसतो, आणि पुढची दहा वर्षं जे काही अडकायचं ते तिथेच अडकतं. 'आधी दुकानात जाऊन वस्तू पसंत करा' असं जे म्हणतात, त्यात एवढंच तथ्य आहे. पण जायचं ते रंगासाठी नाही, खोक्यातल्या मापाच्या कागदासाठी. तो कागद खोक्यासकट भंगारात जातो, ही आमची रीत.

आता भिंतीजवळ या, अगदी जवळ. हौसेचा कळस म्हणजे कन्सील्ड डायव्हर्टर. बाहेर दिसते फक्त एक चकचकीत तबकडी आणि एक मूठ. पितळेचं सगळं धूड भिंतीत. त्या धुडावर दोन खुणा असतात, कमीत कमी आणि जास्तीत जास्त. टाइलचा तयार पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्येच यायला हवा. म्हणजे धूड बसवताना भिंतीचा ओळंबा, प्लास्टरची जाडी, टाइलखालच्या मालाची जाडी आणि खुद्द टाइलची जाडी या चारही गोष्टी ठाऊक हव्यात. यातली एकही ठाऊक नसताना बसवलं की दोहोंपैकी एक होतं. धूड फार आत गेलं तर मूठ बसत नाही, मग एक्स्टेंशनचा शोध. फार बाहेर राहिलं तर तबकडी भिंतीला टेकत नाही. मागे फट राहते, तिच्यात सिलिकॉन भरतात आणि त्या फटीतून पाणी वर्षानुवर्षं भिंतीत मुरतं. पलीकडच्या बेडरूममधल्या रंगाचे पोपडे पडायला लागले की रंगाच्या कंपनीला शिव्या.

आणि ही भिंत आहे तरी केवढी? बाथरूमची आतली भिंत बहुतेक अर्ध्या विटेची, म्हणजे ११५ मिलिमीटर. वीटकामाचा दंडक असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा. ११५चा सहावा भाग एकोणीस. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाचा बाहेरचा व्यास बावीस मिलिमीटर. म्हणजे एक साधा पाइप भिंतीत आडवा पूर्ण पुरायचा म्हटलं तरी दंडक मोडतो! आमच्याकडे तर गीझरपासून बेसिनपर्यंत गरम-गार दोन्ही पाइप छातीच्या उंचीवर आडवे घेऊन भिंतीला करगोटा बांधल्यासारखी चर पाडतात आणि वर पुन्हा तिच्यावर गीझर टांगतात. शहाणा माणूस आडवे पाइप छताजवळून किंवा जमिनीच्या पोटातून नेतो आणि जिथे हवं तिथे उभा खाली किंवा वर येतो. त्याहून शहाणा माणूस भिंतीपुढे चार-सहा इंच जाडीची बुटकी भिंत उभारून सगळं तिच्या पोटात घालतो. वर साबण-शाम्पू ठेवायला कट्टा फुकट मिळतो. पण हे ठरवावं लागतं, आणि ते भिंतीवर कटर चालवण्याआधी. हल्लीच्या अनेक इमारतींत तर आतल्या भिंतीही ॲल्युमिनियमच्या फॉर्मवर्कमध्ये ओतलेल्या आरसीसीच्या असतात. तिथे झिरी मारणं म्हणजे इमारतीच्या हाडांवर कटर चालवणं. सोसायटीची नोटीस आल्यावर कळतं की ही भिंत विटेची नव्हती. भिंत कशाची आहे हे बघायलाही प्लंबरच हवा?

पाण्याच्या दाबाबद्दल तर बोलायचीच सोय नाही. हॉटेलात अंघोळ केली, डोक्यावर पावसासारखं पाणी पडलं, तसा ताटाएवढा शॉवर घरी हवा. हवा ना, पण पाणी कुठून पडणार? दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार. तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता. शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्यापर्यंत उंची तीन-चार मीटर. म्हणजे दाब ०.३ किंवा ०.४ बार. शॉवरच्या कागदावर १ बार किंवा त्याहून जास्त मागितलेला असतो. हा हिशोब तिसरीतल्या मुलाला जमेल. त्याहून सोपं म्हणजे नळाखाली वीस लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. भरायला तीन मिनिटं लागली, तर मिनिटाला सात लिटरही येत नाहीत. मग मिनिटाला पंधरा लिटर मागणारा शॉवर घेऊन करायचं काय? त्याखाली उभं राहून थेंब मोजायचे? दाब वाढवणारा पंप बसवता येतो, पण त्याला जागा हवी, विजेचा पॉइंट हवा, तो पाणी कुठून खेचणार याला सोसायटीची संमती हवी. टाइल्स लागल्यावर पंप आठवला की तो दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खोक्यात बसतो आणि त्याचा पाइप भिंतीवरून उघडा धावतो; सगळी चकचकीत शोभा त्या एका पांढऱ्या पाइपाने घालवलेली मी ठिकठिकाणी पाहिली आहे. उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांचं दुखणं नेमकं उलटं. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसला तर नळ बंद करताच पाइप धाडकन वाजतात. गरम पाण्याचंही तेच. पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. गीझर दहा मीटर लांब ठेवलात तर गरम पाणी येईपर्यंत अडीच लिटर गार पाणी दर खेपेला मोरीत. टँकरच्या पाण्याची वर्गणी भरणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

मोरीवरून आठवलं. या सगळ्या थाटामाटात ज्याच्याकडे कुणाचंही लक्ष जात नाही, तो म्हणजे जमिनीतला नहाणी ट्रॅप. कॅटलॉगात त्याची जाळी असते, तो स्वतः नसतो. पण बाथरूम आणि गटार यांच्यामध्ये जे काही उभं आहे, ते त्याच्यातलं दोन इंच पाणी. पाण्याची ही कुलपासारखी युक्ती जुनी आहे. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली कमोडखालच्या वळणदार नळीचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं झाली, आणि आमच्याकडे जमिनीत खोली पुरली नाही की ट्रॅपच्या जागी साधं वळण टाकून वर जाळी बसवतात, झुरळांसाठी. झुरळं जाळीने अडतीलही, पण वास आणि त्याहून वाईट गोष्टी कशा अडणार? २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्सची तीनशेहून अधिक माणसांना लागण झाली. तपासात जी कारणं पुढे आली, त्यांत एक ठळक कारण होतं बाथरूमच्या जमिनीतले कोरडे पडलेले ट्रॅप. पाण्याचं कुलूप आटलं, आणि मैल्याच्या पाइपातली हवा एक्झॉस्ट पंख्यांनी घरात ओढली गेली. तेव्हा ट्रॅप किती खोल, त्यात पाणी किती राहणार, बेसिनचं पाणी त्यात सोडून तो ओला ठेवता येईल का, जाळी उचलून हात घालून साफ करता येईल का, हे प्रश्न ग्रे की बेज याच्या आधीचे आहेत. पुष्कळ आधीचे.

आता या विचारसरणीचं लाडकं शस्त्र: 'जुने पाइप चालू आहेत ना, मग कशाला हात लावता?' आणि त्याचं धाकटं भावंड: 'टाइल्सवर टाइल्स लावून टाकू, तोडफोड नको, धूळ नको, आठवड्यात काम खलास!' वा! ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या इमारतीत भिंतीत जीआयचे पाइप आहेत. जस्ताचा मुलामा जाऊन ते आतून गंजतात, गंजाने आतलं भोक बारीक होत जातं. सकाळी पहिल्या धारेला येणारं तांबूस पाणी हा त्यांचा निरोप असतो. सांध्यांच्या आट्यांशी ते आधी सडतात, आणि सडलेला सांधा कधी फुटेल याची तारीख सांगत नाही. अशा पाइपांवर नवी कोरी, महाग टाइल चिकटवायची आणि ज्या दिवशी आत सांधा जाईल त्या दिवशी तीच टाइल हातोड्याने फोडायची. तोपर्यंत ते डिझाइन बाजारातून गेलेलं असतं, मग भिंतीला वेगळ्या रंगाचं ठिगळ. यात बचत नेमकी कुणाची झाली? ज्याला टाइल्स विकायच्या होत्या त्याची झाली, हे मान्य.

उरला तो सगळ्यात वजनदार आक्षेप: भिंत फोडल्यावरच कळतं. यात अर्धं खरं आहे, आणि तेवढंच. जुन्या घरात भिंतीमागे कुणी काय करून ठेवलंय याचा नेम नसतो. पण न फोडता कळण्यासारखं किती आहे, त्याचा कुणी प्रयत्न केलाय? नहाणीची जाळी उचलून टेप आत सोडला की ट्रॅपची खोली कळते. खालच्या घरी जाऊन छत बघितलं की पाइप स्लॅबच्या वर आहेत की खाली, ते कळतं. एकेक व्हॉल्व्ह बंद करून बघितला की कुठली लाइन कुठल्या नळाला जाते ते कळतं. तुमच्याच उभ्या ओळीतल्या ज्या घराचं काम आधी झालंय, त्यांच्याकडे चहाला गेलं की निम्मी गुपितं कळतात, कारण डक्ट तोच, स्लॅब तोच. सोसायटीच्या कपाटात बिल्डरने दिलेले नकाशे धूळ खात असतात. एवढं करूनही फोडल्यावर काही अनपेक्षित निघालंच, तर ज्याच्या हातात आराखडा आहे त्याला तरी कळतं की काय बदलायचं आणि त्याने आणखी काय काय बदलेल. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याला सगळंच अनपेक्षित.

खालच्या घराचं काय, हा प्रश्न तर या मंडळींच्या गावीच नसतो. 'सोसायटी बघेल.' नाही बघणार. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती संस्थेची. घराच्या आतलं काम सभासदाने स्वखर्चाने करायचं. सामायिक उभा पाइप जुन्या इमारतीत बिडाचा असेल आणि तुमचा नवा पाइप प्लॅस्टिकचा, तर दोन्हींचा सांधा नुसत्या सिमेंटने लिंपून चालत नाही, योग्य अडॅप्टर लागतो, आणि त्या पाइपाला हात लावायला संस्थेची परवानगीही. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे चाचणी टाळणं. टाइल्स पाणी अडवतात, हा समज कुणी पसरवला कोण जाणे. टाइलच्या सांध्यांतून पाणी झिरपतंच. अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर. पाइप जोडल्यावर, चिकटवणीचं सोल्यूशन पुरतं सुकल्यावर, टेस्टिंग पंपाने दाब भरून गेजचा काटा पडतो का ते बघायचं. मग वॉटरप्रूफिंग, मग ट्रॅप बुजवून बाथरूममध्ये पाणी भरून दोन दिवस सोडायचं आणि खाली जाऊन त्यांचं छत बघायचं. एवढं झाल्यावरच टाइल. आमच्याकडे काय होतं? वॉटरप्रूफिंग होतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला तरी आठवतं की जेट स्प्रेचा पॉइंट राहिला. मग त्याच ताज्या थरात छिन्नी. आराखडा नसला की हे होतंच, कारण राहिलेला पॉइंट नेहमी वॉटरप्रूफिंग झाल्यावरच आठवतो. त्या दोन दिवसांसाठी 'टाइम नाही' असं म्हणणाऱ्यांना पुढे खालच्या घराशी भांडायला वर्षंच्या वर्षं वेळ मिळतो.

बाथरूम म्हणजे पाइपांचं काम. टाइल्स हे त्यावरचं झाकण. आधी झाकण निवडून मग त्याखाली काय ठेवायचं ते बघू, असं म्हणणाऱ्याच्या घरी पाणी स्वतःच्या सोयीची वाट काढतं, आणि ती वाट बहुधा खालच्या मजल्यावरून जाते. तेव्हा टाइल्सच्या दुकानात पाऊल टाकण्याआधी एक दिवस राखून ठेवा. कमोड, डायव्हर्टर, शॉवर, गीझर यांच्या मापांचे कागद हातात असू द्या. चौकोनी कागदावर खोली आखा. प्रत्येक पॉइंट जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते मिलिमीटरमध्ये लिहा. जाणाऱ्या प्रत्येक पाइपाचा ढाळ आणि खोली लिहा. व्हॉल्व्ह कुठे बंद होणार ते लिहा. भिंती बुजवण्याआधी टेप धरून चारही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आणि हे सगळं प्लंबरला शेजारी बसवून करा, तो 'नाही बसणार' म्हणेल तिथे वाद न घालता ऐका. त्या दिवशी तो एकही झिरी मारणार नाही, एकही पाइप कापणार नाही. तरी त्या दिवसाची पूर्ण मजुरी त्याच्या हातात द्या.